पितळी डब्याचं झाकण

७८६
दुबई, ३ सप्टेंबर १९६७

हारुनमियाँस अलीमियाँचा सलाम.

सलाम करणं सुन्नत, म्हणजे चांगली रीत, पण त्याचा जवाब देणं वाजिब, म्हणजे द्यावाच लागतो. एवढं तुला मदरशात शिकवलं होतं, बाकीचं इंजिनियरिंग नंतर. तीन वर्षांत मी हा पहिला सलाम करतोय. थोरला म्हणून करतोय, चूक माझी होती म्हणून नव्हे.

लिहायचं कारण तुझा फोटो. तू आईला पाठवलेला फोटो तुझ्या खतीजाभाभीने मला इकडे धाडला. खतीजा लिहिते, आईने तो सरळ धरून पाहिला, उलटा धरून पाहिला आणि विचारलं, कोट खुंटीला कोणी अडकवलाय. मग तिला खुंटीवर तुझं तोंड दिसलं आणि ती दोन वेळा जेवली नाही. तू तिला कळवलंस की पंपकंपनी तुला दर दोन महिन्यांनी नव्या शहरात धाडते, तिथलं काही ठाऊक नसतं, म्हणून खोलीवर ब्रेड आणि अंडं खाऊन निजतोस. अरे, अमेरिकेत काय माणसं जेवत नाहीत? मी इथे तेलकंपनीच्या कँपवर साठ अमेरिकन माणसांना तीन वेळा जेवू घालतो. एकेक असा खातो की वाटावं, ह्याच्या गावात दुष्काळ पडला होता. तुझ्या भावाच्या हातचं हे लोक बोटं चाटून खातात आणि त्यांच्या मुलखात तू अंडं खाऊन राहतोस, हे कोणाला सांगायची सोय नाही.

म्हणून नीट ऐक. मी वीस वर्षं बोटीवर भंडारी, म्हणजे आचारी, होतो. तीसेक बंदरं पाहिली आणि एकाही बंदरात उपाशी झोपलो नाही. अनोळखी गावात जेवण शोधायचं तर खोली देणाऱ्या क्लार्कला कधी विचारू नकोस, तो मेव्हण्याच्या हॉटेलात धाडतो. पोस्टमनला विचार, तो रोज चालतो आणि त्याला भूक लागते. समुद्राचं गाव असेल तर मासळी कुठे उतरते ते बघ, समुद्र नसेल तर ट्रक कुठे थांबतात ते बघ. आणि आत गेल्यावर मालक कुठे जेवतो ते बघ. मालक घरून डबा आणत असेल तर यल्ला, उठायचं.

हे सगळीकडे लागू पडतं. मागच्या महिन्यात कंपनीच्या लँडरोव्हरमधून फुजैराला गेलो होतो. दिवसभर दगड आणि वाळू, कंबर ढिली झाली. गावात हॉटेल नावाची चीज नाही. बरोबरचे दोघे डबाबंद बीन्स उघडून बसले. मी होड्या लागतात तिथे गेलो. एक बलुची पत्र्यावर सुरमई भाजत होता, नुसतं मीठ आणि सुकं लिंबू. ती खाऊन मी दोनदा अल्हम्दुलिल्ला म्हटलं. एक माझ्याकडून आणि एक बीन्स खाणाऱ्यांकडून.

बाकी तुझं-माझं जे आहे ते आहे. माझा डबा तू रिकामा परत पाठवलास ते मी विसरलो नाही. कोकणात शेजाऱ्याची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. रिकामं भांडं गेलं म्हणजे नातं खलास, हे तुला सांगायला नको. आणि वर झाकणही पाठवलं नाहीस. तो पितळी डबा आईच्या रुखवतातला आहे. झाकण कुठे आहे तेवढं कळव, दुसरं काही कळवलं नाहीस तरी चालेल.

अलीमियाँ

दुबई, २८ सप्टेंबर १९६७

हारुनमियाँस सलाम.

जवाब नाही. ठीक आहे. पोस्टाला वेळ लागतो असं मी स्टोअरकीपर हमदुल्लाला सांगितलं. तो राजापूरचा, तो म्हणाला, "पोस्टाला नाही, तुझ्या भावाला वेळ लागतो." त्याला त्या दिवशी मी शिळी रोटी वाढली.

खतीजा लिहिते, तू आता टल्सा नावाच्या शहरात आहेस. आमचा फोरमन टल्साचाच. मी त्याला ऑम्लेटमध्ये दोन अंडी जास्त घातली आणि माहिती काढली. तो बोलता बोलता इतका हळवा झाला की ऑम्लेट गार झालं. सोबतचा कागद त्याच्या हातचा आहे. स्टेशनजवळून तिसरी गल्ली, लाल दार, आत मका घातलेला ब्रेड आणि तळलेला मासा. माशाला मिशा असतात, घाबरू नकोस, आपल्या शिंगाळ्यालाही असतात. किंमत सव्वा डॉलर. म्हणजे आपले नऊ रुपये सदतीस पैसे होतात, पण तिकडे असताना इकडचा हिशेब करू नकोस, त्यानेच माणूस वाळतो.

एक गोष्ट सांभाळ. तिकडे पाय नावाचा गोड पदार्थ करतात, दिसायला फार सुंदर. पण त्याच्या पापुद्र्यात पुष्कळदा डुकराची चरबी घालतात. मी फोरमनलाच विचारलं, तो म्हणाला, त्याशिवाय पापुद्रा सुटत नाही. तेव्हा आधी विचार. विचारायला लाजू नकोस. "चरबी की लोणी?" एवढंच विचारायचं. लोणी म्हणाले तर दोन तुकडे खा, एक माझ्या वाट्याचा. कोंबडीचं काय, यावर इथे वाद झाला. हमदुल्ला म्हणतो, तिकडची कोंबडी चालणार नाही. मी म्हणतो, ख्रिस्ती लोकही किताबवाले, त्यांची आहे, बिस्मिल्ला म्हणावं आणि जेवावं. हमदुल्लाला एवढंच असेल तर त्याने टल्साला जाऊन उपाशी राहावं.

झाकणाचं कळवलं नाहीस.

अलीमियाँ

दुबई, ३० नोव्हेंबर १९६७

हारुनमियाँस सलाम.

आज मी खुशीत आहे. खतीजाचं पत्र आलं, त्यात तुझा निरोप. मला नव्हे, आईला. "थोरल्याला सांग, टल्साला ते लाल दार नाही, तिथे टायरचं दुकान आहे." फोरमनला जाब विचारला तेव्हा तो डोकं खाजवत म्हणाला, शेवटचा तिथे जेवलो त्याला सोळा वर्षं झाली असतील. असो. माझ्या कामाची गोष्ट एवढीच की तू गेलास. कागद हातात घेऊन तिसऱ्या गल्लीपर्यंत चालत गेलास. टायर तर टायर.

दुसरं कळलं ते असं, की जानेवारीपासून दोन महिने तू विचिटाला. हारुन, अल्ला मेहेरबान आहे. आमच्याकडे डेल नावाचा ड्रिलर आहे, वय सव्वीस, खांदे बैलासारखे, आणि तो विचिटाचा. त्याची आई रूबी, ती तिथे स्वतःची खानावळ चालवते. रेल्वेयार्डाच्या समोर, काउंटरला आठ स्टुलं, सकाळी सहा ते दुपारी तीन. मी विचारलं, तुझी आई कुठे जेवते? म्हणाला, तिथेच, उभ्याने. मी पत्ता तिथल्या तिथे लिहून घेतला. पापुद्र्याची चौकशीही केली. ती लोणी वापरते, तिला चरबीचा वास सोसत नाही. अशी बाई विचिटात आहे आणि तू तिथे जाऊन अंडं खाल्लंस तर मी तुला भाऊ म्हणणार नाही.

भाऊ म्हणण्यावरून आठवलं. तू म्हणशील, थोरला नुसता डब्याचं रडतो, स्वतःचं सांगत नाही. तर सांगतो. त्या दिवशी तुझ्या मुंबईच्या होस्टेलवर मी डबा घेऊन आलो होतो, नारळाच्या दुधातली कोंबडी आणि भाकऱ्या. तू जेवायला बसला होतास आणि ताटात भात म्हणून जे होतं ते मी पाहिलं. ती खळ होती. मी नुसता विचारायला आत मुदपाकखान्यात गेलो. आता विचारताना माझा आवाज थोडा मोठा झाला असेल. त्या आचाऱ्याच्या हातून झारा घेतला तो त्याला दाखवण्यापुरता. मग पातेलं चढवलंच होतं तर दीडशे पोरांचा भात करून टाकला, त्यात काय बिघडलं? पोरं ताटं वाजवत होती. त्यांतल्या एकाने तुला विचारलं, हा कोण? आणि तू म्हणालास, "आमचा कुक आहे."

कुक आहेच मी. पण तू "आमचा" कशाच्या पुढे लावलास, ते मला अजून टोचतं.

अलीमियाँ

दुबई, २६ डिसेंबर १९६७

हारुनमियाँस सलाम आणि रमझान मुबारक.

काल अमेरिकन लोकांचा नाताळ आणि आमचा रोजा एकाच दिवशी आला. साठ माणसांची मेजवानी आणि मुदपाकखान्यातला एकही माणूस चव घेऊ शकत नाही. मौलवीसाहेब म्हणतात, आचाऱ्याने जिभेच्या टोकाला लावून थुंकलं तर रोजा मोडत नाही. पण आईने आपल्याला लहानपणी सांगितलं होतं की जीभ एकदा दारात आली की घरात शिरतेच. तेव्हा वासावर चाललो.

आठ दिवस डेल मागे लागला होता की आई करते तसे कोंबडीच्या रश्श्यातले पिठाचे गोळे कर. हातांनी गोळ्याचा आकार दाखवला, रस्सा दाखवला, डोळे मिटून वासही दाखवला. फक्त पीठ कसलं ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? कोकणातल्या माणसाला पीठ म्हटलं की तांदळाचंच दिसतं. मी उकड काढली, मळली, सुपारीएवढे गोळे केले आणि रश्श्यात नारळाचं दूध घातलं, कारण त्यावाचून रस्सा म्हणजे कोंबडीचं आंघोळीचं पाणी. पहिला गोळा कँपच्या मांजरीला दिला. तिने तो खाऊन दुसरा मागितला, तेव्हा मी पातेलं बाहेर पाठवलं.

डेलने एक खाल्ला आणि चमचा खाली ठेवला. माझा जीव टांगणीला. "अली, हे माझ्या आईचं नाही," तो म्हणाला. "ती गव्हाचं पीठ घालते." मी म्हटलं, माफ कर. तो म्हणाला, "माफ कशाला? अजून वाढ." बारा गोळे खाल्ले त्याने. संध्याकाळी मुदपाकखान्यात येऊन बसला, ओल्या डोळ्यांनी, आणि आईने पाठवलेला खाऊचा पत्र्याचा डबा मला देऊन गेला. इफ्तारला आम्ही तो खाल्ला. लोण्याची बिस्किटं होती, खरंच लोण्याची.

आता डबा रिकामा झाला, आणि रिकामा परत कसा द्यायचा? डेल पाच तारखेला दोन महिन्यांच्या रजेवर विचिटाला चाललाय. मी त्यात तांदळाचं पीठ भरलं, वर पुडीत आपला मसाला आणि सुकं खोबरं, आणि गोळ्यांची कृती डेलकडून इंग्रजीत लिहवून घेतली. रूबीबाईंनी करून बघावे. मी डेलला बजावलंय, माझा भाऊ खानावळीत आला तर ओळख दाखवू नकोस, पेपर तोंडासमोर धर आणि जेवला की नाही तेवढं बघून मला सांग. त्याला हे सिनेमासारखं वाटलं, फार खूश झाला.

रोजा आहे, खोटं लिहवत नाही. होस्टेलच्या गोष्टीत एक राहिलं. तू "आमचा कुक" म्हणालास आणि मी तुझ्या मुस्काटात मारली. दीडशे पोरांसमोर. माझ्या हाताला भाताची शितं होती, ती तुझ्या गालाला लागली आणि ती पोरं हसली. दुसऱ्या दिवशी माझी बोट सुटायच्या वेळी डबा आला, धुतलेला, रिकामा. मी तीन वर्षं डब्याचं सगळ्यांना सांगितलं, थपडेचं खतीजालासुद्धा सांगितलं नाही. तू पोर होतास, मित्रांत लाज वाटली असेल. मी तर चाळीस वर्षांचा घोडा होतो. चूक माझी होती.

रूबीबाईकडे जा. माझ्यासाठी नको, भुकेसाठी जा.

अलीमियाँ

दुबई, १२ फेब्रुवारी १९६८

हारुन,

दीड महिना झाला. तुझा कागद नाही, डेलचा कागद नाही. हमदुल्ला आता मला काही विचारत नाही, ते जास्त वाईट. थपडेचं लिहिलं ते बरं केलं की वाईट, कळत नाही. काल भात लागला, बारा वर्षांत पहिल्यांदा. फोरमनने तो ताट पुसून खाल्ला, तोही वाईट माणूस नाही.

झाकण राहू दे. मागणार नाही.

अलीमियाँ

दुबई, १३ मार्च १९६८

हारुनमियाँस थोरल्या भावाचा सलाम आणि बकरीद मुबारक.

डेल काल परत आला. सामान खोलीवर न टाकता आधी मुदपाकखान्यात आला. मी त्याच्याकडून सगळी गोष्ट तीनदा ऐकली, चौथ्यांदा हमदुल्लाला हात धरून आणलं आणि त्याच्यासमोर सांगायला लावली. आता तुला सांगतो, कारण त्या वेळी पेपरामागे कोण होतं हे तुला ठाऊक नव्हतं.

गुरुवार होता. बाहेर बर्फ. डेल कोपऱ्यात, पेपर तोंडासमोर धरून. आठ स्टुलांपैकी सातांवर यार्डातली माणसं, आठव्यावर येऊन बसला एक कोट. डेल म्हणतो, "मी लगेच ओळखलं, अली, त्याचं नाक तुझं आहे." तू फळ्यावर वाचून कोंबडी मागितलीस, तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणालास. एक गोळा खाल्लास. थांबलास. दुसरा खाल्लास. मग चमचा ठेवलास आणि, हारुन, तू उठून तिच्या मुदपाकखान्यात शिरलास.

त्या बाईच्या मुदपाकखान्यात तिचा नवरासुद्धा विचारल्याशिवाय जात नसे. आणि तू आत जाऊन, तिच्या पातेल्यात वाकून, मोठ्या आवाजात म्हणालास की उकड काढलेली नाही, पीठ गार पाण्यात भिजवलंय, म्हणून गोळे आतून कच्चे आहेत. सातही माणसं जेवायची थांबली. रूबीबाईने डाव उगारला. म्हणाली, "तू कोण मला सांगणार?" आणि तू म्हणालास, डेलने शब्दाला शब्द सांगितलाय, "ज्या कुकने हे तुम्हाला शिकवलं, तो माझा मोठा भाऊ आहे."

मग तू कोट काढलास, बाह्या वर केल्यास आणि उकड काढून दाखवलीस. सातही जणांना पुन्हा वाढलंस. खाण तशी माती, दुसरं काय. हमदुल्ला हे ऐकून म्हणाला, "त्या बाईने मुस्काटात नाही मारली?" मी म्हटलं, नाही, ती शहाणी आहे.

मी तुला दोन महिने मनात शिव्या घालत होतो, त्या सगळ्या परत घेतो. नंतर दर गुरुवारी तू तिथे जायचास आणि तुझे गाल थोडे वर आलेत, असं डेल म्हणतो. आईला आज तेच लिहिलं.

आता डब्याचं. डेलने "तुझ्या भावाकडून" म्हणत तो पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला तेव्हा तो जड होता. वर अक्रोडासारखं काहीतरी, गोड, तिथलंच, ओंजळभर. त्याखाली वर्तमानपत्र. वर्तमानपत्रात आईच्या डब्याचं झाकण.

मी ते घेऊन बाहेर पाण्याच्या टाकीपाशी गेलो. तिथे कोणी येत नाही. माणसाने रडावं तर निदान झाकणावर रडू नये, ते गंजत नाही म्हणून बरं. मग पुसून नीट पाहिलं. अरे हारुन, हे काय केलंस? तीन ठिकाणी पोचे. आतली कल्हई पार उडालेली. आणि बाहेरची बाजू काळीकुट्ट, कोळशासारखी. मला वाटलं आगीत सापडलं. मग ध्यानात आलं. मी डब्याला झाकण नाही म्हणून इकडे कुरकुरत होतो आणि तू तिकडे गेल्यापासून, दर दोन महिन्यांनी नव्या शहरात, नव्या खोलीत, आईच्या झाकणात अंडं तळून खात होतास.

इथे देरा बाजारात एक कल्हईवाला आहे, त्याच्याकडे उद्या नेतो. पोचे काढले की डब्यावर बसेल. सलामाचा जवाब पोचला, वाजिब होता, अदा झाला.

आता अंडं कशात तळतोस, ते कळव.

तुझा कुक,
अलीमियाँ